टाकीवरचं नाव मीच लिहिलं

माझं मूळ गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला, अन् बाप धीवर. तुम्ही विचारलं म्हणून पहिल्यापासून सांगते, नाहीतर इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये, कोणी विचारत नाही, नागपूरकडची म्हटलं की संत्र्याचं काहीतरी बोलतात अन् मोकळे होतात. आमच्याकडे तलाव भरपूर, अन् बाबा गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून गाळात हात घालायचे, डोळे वर, आभाळाकडे, अन् मासा पाण्याबाहेर यायच्या आधीच सांगायचे, मरळ आहे, नाहीतर शिंगूर आहे. शिंगूर काटा मारतो, हात दोन दिवस ठणकतो, तर तिथे नाव चुकून चालतच नाही बाप्पा. एकच मासा, आमच्या गावात त्याला एक नाव, तलावापलीकडे दुसरं, माझ्या मामाच्या गावी तिसरं, पण नाव वेगळं आहे म्हणून कोणी मासा बदलून देत नसे. हे मी कावून सांगून राहिली ते पुढे कळेल तुम्हाला.

मी नागपूरला झूलॉजीत एमएस्सी केलं. आमच्या घरातली पहिली पोट्टी कॉलेजात गेलेली. तिथे सर म्हणायचे, बाजारातली नावं बाजारात ठेवा, शास्त्रीय नाव जगात सगळीकडे एकच असतं. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून, काय सांगू तुम्हाला, म्हटलं चला, आता कुठंही गेली तरी मासा तोच अन् नाव तेच. मग लग्न झालं, आमचे हे गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, इकडे मिशिगनला आले, अन् मी त्यांच्या व्हिसावर अकरा वर्षं घरात. अकरा वर्षं. काम करायची परवानगी नाही. पोळ्या केल्या, बर्फ बघितला, मुलीला डान्स क्लासला ड्राइव्ह केलं. मग यांचं ग्रीन कार्ड झालं अन् मला पहिल्यांदा स्वतःचा पगार मिळाला तो इथल्या माशांच्या दुकानात. काचेच्या टाक्यांतले, शोभेचे मासे. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली, एमएस्सी होऊन पिशव्यांत मासे भरते म्हणून. मुरडू द्या. मला ते काम आवडायचं. अजूनही आवडतं, तेच तर वाईट आहे.

पण त्या धंद्यातली नावं! शिसारी येते मला, खरं सांगते. शार्क म्हणून विकतात, तो शार्क नाही. एक इंद्रधनुषी शार्क म्हणून बोटाएवढं चकचकीत पिल्लू असतं, पोरं हट्ट करून घेतात, अन् ते वाढलं की माणसाच्या उंचीला लागायला बघतं, अन् तो मासा म्हणजे दुसरं काही नाही, आपल्या देसी बुफेमध्ये बासा फ्राय म्हणून जो तुकडा तुम्ही ताटात घेता तोच. म्हणजे शुक्रवारी पोराला टाकीत घेऊन द्यायचा अन् शनिवारी कांदा-लिंबू लावून खायचा. कोणाला माहीतच नाही. अन् दुकानदाराला माहीत असून सांगायचं नाही, त्याची मला जास्त घाण वाटते.

त्यातलं सगळ्यात घाणेरडं नाव म्हणजे अल्गी ईटर. टाकीच्या काचेवर हिरवं शेवाळ धरतं ना, ते खाणारा. ह्या एका नावावर तीन वेगळे मासे विकतात. एक बिचारा जन्मभर खरंच शेवाळ खातो. दुसरा दोन फूट वाढतो. अन् तिसरा, त्याची पिवळीधमक जात निघाली आहे, सोनेरी अल्गी ईटर म्हणतात, स्वस्त, दिसायला सुंदर. तो लहान असेपर्यंत शेवाळ खातो. मोठा झाला की शेवाळ सोडतो अन् दुसऱ्या माशांच्या अंगाला तोंड चिकटवून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरपतो. खवले जातात, मग कातडी जाते, मासा जिवंतपणी सोलला जातो. त्याचं खरं नाव जायरिनोकायलस आयमोनिएरी. ते नाव वाचलं की कळतं हा कोण, काय करेल, किती वाढेल. सोनेरी अल्गी ईटर वाचलं की फक्त एवढं कळतं की सोनेरी आहे अन् काच साफ करेल.

आमचा मालक रॉन. माणूस वाईट नाही, ख्रिसमसला बोनस देतो, माझं अक्षर चांगलं म्हणून सगळ्या टाक्यांवरची लेबलं माझ्याकडूनच लिहून घेतो. सुरुवातीला मी इंग्रजी नावाखाली बारीक अक्षरात शास्त्रीय नाव लिहायची. एका बाईनं वाचलं अन् विचारलं, हा आजार आहे का माशाला? रॉननं माझ्यासमोर अंगठ्यानं ते पुसून टाकलं. म्हणाला, शालू, लॅटिन बघून लोक घाबरतात. ठीक आहे. मग मी तोंडानं सांगायला लागली, हा घेऊ नका, हा मोठा होईल, तुमची टाकी लहान आहे. दोन गिऱ्हाइकं रिकाम्या हातानं परत गेली. रॉननं मला मागे बोलावलं, अगदी गोड आवाजात म्हणाला, आता तिसऱ्यांदा झालं तर मला तुला सोडावं लागेल. अकरा वर्षं घरात बसलेल्या बाईला हे सांगितलं की काय होतं ते तुम्हाला नाही कळायचं. माझ्या तोंडाला कुलूपच बसलं.

अन् तेव्हाच, ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी, मुग्धा आली. मुग्धा म्हणजे आमच्या मंडळातलीच, पुण्याची, माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान, मला शालूताई म्हणते. तिच्या नवऱ्याचा, निखिलचा, जॉब गेला होता. आता हा व्हिसा असा आहे, तुम्हाला माहीतच आहे, जॉब गेला की साठ दिवस, साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीनं तुमचे पेपर फाइल केले नाहीत तर उचला बॅगा. घर घेतलेलं, मुलगी तिसरीत. मुग्धाचा चेहरा एवढासा झाला होता. म्हणाली, ताई, पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितलंय, घराच्या उत्तरेला माशांची टाकी ठेवा, नऊ मासे, आठ सोनेरी अन् एक काळा. मासा मेला तर घाबरायचं नाही, घरावर येणारं त्यानं स्वतःवर घेतलं म्हणायचं अन् दुसरा आणून नऊ पुरे करायचे.

हे ऐकूनच माझं डोकं फिरलं. म्हणजे मासा मेला की आनंद. पाणी बदलायला नको, काही नको, मेला की संकट टळलं. ह्याच्याएवढी सोयीची भक्ती मी कुठे पाहिली नाही! पण तिचा चेहरा बघून गुरुजींचं काढलं नाही. मी म्हटलं, अगं, तू घेतेस त्या टाकीत नऊ गोल्डफिश जगत नाहीत, एकही नीट जगत नाही. ती म्हणाली, जागा एवढीच आहे, अन् नऊ पाहिजेत. सात गोल्डफिश घेतले, एक काळा, फुगीर डोळ्यांचा घेतला, अन् आठवा सोनेरी बघत बघत ती त्या टाकीपाशी थांबली. माझ्याच अक्षरातलं लेबल. सोनेरी अल्गी ईटर. म्हणाली, ताई, हा किती छान, सोनेरी पण आहे अन् काच पण साफ करेल, हा चालेल ना?

रॉन माझ्या मागे उभा होता. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. अन् आम्ही मराठीत बोलून राहिलो होतो हो, त्याला एक शब्द कळला नसता, मी सांगू शकत होती. हे मी अजून कोणाला बोलली नाही, तुम्हीच पहिल्या. त्याला कळलं नसतं. पण मुग्धा त्या टाकीपासून हलली असती तर दिसलं असतं ना त्याला, शालूनं परत गिऱ्हाईक घालवलं. मी म्हटलं, चालेल. जाळी घातली, तोच पकडला, पिशवीत घातला.

मग मेसेज सुरू झाले. चौथ्या दिवशी, ताई, एक गेला, अन् त्याच दिवशी निखिलला एका कंपनीनं नाही म्हटलं, बघा, त्यानं स्वतःवर घेतलं. खाली हात जोडलेले. नवीन नेला. मग परत, ताई, आज दोन गेले. परत हात जोडलेले. मी फोन उलटा करून ठेवायची. मला माहीत होतं, लहान टाकी, घाण पाणी, मरणारच ते. दुसरंही काय होऊ शकतं ते माहीत होतं, पण तो पिवळा अजून वयात यायचा असेल असं मी स्वतःला सांगायची. अन् पाणी बदल गं, एवढंच लिहून पाठवायची.

संक्रांतीचं हळदीकुंकू मुग्धानं ह्या वर्षी मुद्दाम केलं, घरात चांगलं काहीतरी व्हावं म्हणून. वीस-बावीस बायका, काळ्या साड्या, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलचे डबे. अन् उत्तरेच्या कोपऱ्यात टाकी, तिला झेंडूची प्लॅस्टिकची माळ, काचेला हळदीकुंकवाचं बोट. बायका तिथेच घोळका करून उभ्या, मोबाइलवर शूटिंग करून राहिल्या. एक म्हणते, ओ माय गॉड, सो क्यूट, बघ ना, पप्पी घेतोय तो तिची. दुसरी म्हणते, किती प्रेम आहे दोघांचं, सोडतच नाही यार.

मी पुढे होऊन बघितलं. तो सोनेरी चांगला बोटापेक्षा लांब झाला होता, अन् एका गोल्डफिशच्या कुशीला तोंड लावून चिकटला होता. ती मासोळी पळायची, काचेवर आपटायची, तो तिच्याबरोबर ओढला जायचा, पण सोडायचा नाही. मग क्षणभर सुटला तेव्हा खालची जागा दिसली. रुपयाएवढी लाल. खवलं नाही, कातडी नाही, नुसतं मांस. अन् तो परत तिथेच लागला. बाकीच्यांच्या अंगावरही तसेच चट्टे. माझ्या हातात तिळाची वडी होती. मागे बायका हसून राहिल्या, अन् सांगते तुम्हाला, मी मासेमाराची लेक आहे, मासा मारताना, कापताना, तळताना बघत वाढली, मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी मी ती वडी परत ताटात ठेवली.

मुग्धाला किचनमध्ये नेलं. म्हटलं, तो पिवळा आत्ताच्या आत्ता काढ, माझ्या डब्यात दे, मी घेऊन जाते. तो शेवाळ खात नाही, बाकीच्यांना खातो. ती म्हणाली, नाही ताई, असं कसं, पहिले सोनेरी सगळे मेले, त्यांतला तो एकच टिकलाय, अन् वाढतोय, गुरुजींनी बघितला, ते म्हणाले हाच घराचा रक्षक, ह्याला हलवू नका. मी म्हटलं, अगं, रक्षक कसला, त्याच्यामुळेच मरून राहिले बाकीचे. अन् मग मी सांगून टाकलं, मला दुकानात माहीत होतं, विकताना माहीत होतं, तुला सांगितलं नाही मी.

 बाहेर बायकांचा उखाण्यांचा आवाज. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, मग आता कशाला सांगता? बारा दिवस राहिलेत, शालूताई. बारा. तेव्हा सांगितलं असतं तर दुसरा घेतला असता. आता मी घरातून काहीही काढणार नाही. निखिलचं होऊ दे, मग न्या हवं तर.

 माझीच चूक तिनं माझ्या पदरात घातली अन् बरोबर घातली. मी तिळगूळ घेतला, वाण घेतलं, घरी आली. यांना सांगितलं तर म्हणाले, माशासाठी एवढं काय मनाला लावून घेते, त्यांच्यावर काय वेळ आलीय ते बघ. तेही बरोबर. सगळेच बरोबर असतात, त्यानंच मला जास्त चीड येते.

चार दिवस राहिले असताना निखिलला ऑफर आली. इथलीच कंपनी, गाव सोडायला नको, त्यांनी लगेच पेपर फाइल केले. मला खरंच आनंद झाला हो, त्या पोरीसाठी, मी देवापुढे साखर ठेवली. पण झालं काय, ज्या दिवशी ऑफर आली त्याच सकाळी तो काळा मासा मेला. मग काय विचारता! मुग्धानं मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, मेलेल्या काळ्याचा नाही, त्या सोनेरीचा, खाली लिहिलं, आमच्या घरचा रक्षक, शालूताईंचे मनापासून आभार, त्यांनी स्वतःच्या हातानं निवडून दिला. दीडशे बायकांच्या ग्रुपवर. त्याला हार्ट किती, हात जोडलेले किती.

मी तिला विचारलं, आता नेऊ का त्याला? तर म्हणाली, ताई, आता तर मुळीच नाही.

सोमवारपासून गिऱ्हाइकं यायला लागली. नोव्हायची, आजूबाजूच्या कँटनची, ट्रॉयची. कोणाचा व्हिसा अडकलाय, कोणाच्या मुलाची ॲडमिशन, कोणाला मूल नाही. सगळ्यांना तोच पाहिजे, मुग्धाकडचा. मराठी, तेलुगू, गुजराती, सगळे. रॉन पूर्वी दहा मागवायचा, आता त्यानं शंभर मागवले. अन् मला बोलावून म्हणाला, नवीन लेबल लिही, मोठं लिही, लकी गोल्ड. मी म्हटलं, हे त्याचं नाव नाही. पहिल्यांदा बोलली मी त्याला तोंडावर. सगळं सांगितलं, काय खातो, काय करतो. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, बरं, मग खाली तुझं लॅटिन पण लिही, तुला पाहिजे होतं ना? अन् त्याखाली लिही, शालूची निवड, एमएस्सी झूलॉजी. तुमच्या लोकांना शिक्षणाचं फार असतं.

मी मार्कर खाली ठेवला. सांगितलं, नाही लिहिणार. तो म्हणाला, ठीक आहे, काउंटरवरची पोरगी लिहील, अन् मग तू इथे काय करतेस ते आपण बघू. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. विचार केला, गेली नोकरी तर परत घर, परत खिडकीतून बर्फ. अन् दुसरी कोणी इथे उभी राहिली तर ती कोणाला सांगणार पण नाही, मी निदान हळूच सांगेन. असं आपलं आपल्याला पटवायचं असतं. बाहेर आली अन् लिहिलं. वर लकी गोल्ड. मधे जायरिनोकायलस आयमोनिएरी, एकेक अक्षर नीट, तिरप्या वळणात, जसं कॉलेजच्या जर्नलमध्ये लिहायची तसं. खाली माझं नाव अन् डिग्री.

आता ते लेबल लोक फोटो काढून घेऊन जातात. शास्त्रीय नाव दिलंय म्हणजे अस्सल असणार, असं म्हणतात. परवा एकानं तर ते पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं अन् टाकीला हात जोडले. त्या सरांनी सांगितलेलं जगात सगळीकडे एकच असणारं नाव. बघून मला माझीच किळस आली.

मी सांगते, नाही असं नाही. रॉन लांब गेला की पुटपुटते, नका घेऊ, हा दुसऱ्यांना सोलतो. काल एक ताई आल्या होत्या, सोलापूरकडच्या, मुलाचा व्हिसा दोनदा नाकारलेला. त्यांना सांगितलं. त्या लेबलकडे बघून राहिल्या, मग माझ्याकडे. म्हणाल्या, बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुमचं नाव घालून लिहिलंय, अन् तोंडानं नको म्हणता. मी कोणतं खरं धरू?

मी हातातली जाळी पुसायला घेतली. त्यांनी लेबलावरचं माझं नाव परत एकदा वाचलं, मग म्हणाल्या, द्या एक, चांगला बघून. मी जाळी घातली. चांगला बघून दिला. तुमच्या मुलाचं होऊ दे, असं म्हटलं अन् पिशवीला रबर लावला.